निर्णयाच्या पोटात कोणाचा विचार आहे, हे कसं ओळखायचं

आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. मी मंत्रालयात लिपिक-टंकलेखक म्हणून लागले आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे शासन निर्णय कसा वाचायचा हे विचारायला ती माझ्यापाशी येऊन बसतात. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकीनं वही पुढे केली. डाव्या पानावर प्लेटोपासून रॉल्सपर्यंत विचारवंतांची नावं, उजव्या पानावर सरकारी योजनांची यादी. म्हणाली, "मॅडम, या पानाचा त्या पानाशी काही संबंध असतो का? की दोन्ही नुसती पाठच करायची?"

संबंध असतो. नोकरीतली सगळी वर्षं मी तो कागदावर उमटताना पाहिला आहे. फक्त तो शोधायचा कुठे हे कुणी शिकवत नाही, म्हणून मुलं नेत्यांच्या भाषणांत शोधत बसतात. भाषणात गांधी, आंबेडकर, शाहू, फुले सगळेच येतात. विचार खरा उतरतो तो निर्णयाच्या मसुद्यात: क्रियापदात, अटीत, पैसा कुठून आणायचा त्या ओळीत, आणि काम झालं नाही तर काय, या कलमात. तिथे तो कसा वाचायचा, ते मी इथे सांगते.

उदाहरण एकच घेते आणि तेच शेवटपर्यंत धरून ठेवते: महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. एक तर ती आपल्या राज्यात जन्मली. दुसरं कारण घरचं आहे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आमचं गाव माणदेशातलं, आटपाडीकडचं. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, मी धाकट्या भावाला घेऊन बाभळीच्या सावलीला बसायचे. दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळायची तिची चव अजून आठवते, आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीचीही. आई पुढे जन्मभर एक वाक्य म्हणायची: "आम्ही मागायला न्हवतो गेलो, कामाला गेलो हुतो." या वाक्यात किती राज्यशास्त्र आहे, हे मला मंत्रालयात बरीच वर्षं काढल्यावर कळलं.

आधी कागद हातात घ्या

बातमी वाचून काही कळत नाही. मूळ शासन निर्णय काढा, कायदा असेल तर कायदा. शासन निर्णयाची घडण ठरलेली असते. वर विभागाचं नाव, क्रमांक, तारीख. खाली 'वाचा' किंवा 'संदर्भ'. मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', आणि त्याखाली प्रत कोणाकोणाला गेली त्याची यादी. मुलं सरळ रकमेवर उडी मारतात. तुम्ही 'वाचा'पासून सुरुवात करा, कारण ती निर्णयाची वंशावळ असते. आजचा निर्णय कोणत्या जुन्या निर्णयाच्या खांद्यावर उभा आहे, ते तिथे दिसतं.

रोजगार हमीची वंशावळ अशी. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात वि. स. पागे यांनी एक प्रयोग करवून घेतला: शेतीची, पाण्याची कामं काढायची आणि त्यांवर गावातल्या हातांना काम द्यायचं. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मंत्री नव्हते, मुख्यमंत्री तर नव्हतेच. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, गांधी-विनोबांच्या सर्वोदय विचारात वाढलेला, संतवाङ्मयाचा अभ्यास असलेला हा माणूस. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्यभर आली आणि दुष्काळानं तिला ढकलत पुढे नेलं. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. वसंतदादा पाटलांच्या काळात त्याचा कायदा झाला, महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. तीन मुख्यमंत्री, तीन वेगवेगळ्या घडणीची सरकारं, आणि विचार एकच, हातातून हातात गेलेला. म्हणून 'नेता' म्हटलं की फक्त खुर्चीवरचं नाव पाहू नका. कित्येकदा विचार बाजूच्या दालनातून येतो.

क्रियापद आणि नाम खुडून काढा

आता पेन्सिल घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा. 'देण्यात येईल' आणि 'देता येईल' यांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण त्या फरकात अख्खं तत्त्वज्ञान मावतं. पहिल्यात सरकार बांधलेलं आहे, दुसऱ्यात सरकार मोकळं आहे.

एका योजनेचा मसुदा मी 'देण्यात येईल' असा लिहिला होता. फाईल फिरून आली तेव्हा तिथे 'निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून देता येईल' असं झालं होतं. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, हक्क लिहून ठेवला की उद्या कोर्टात उत्तर द्यावं लागतं. तिजोरीत नसलं तर काय सांगणार?" त्या दिवशी मला राग आला होता. पुढे संविधानाचा अनुच्छेद ४१ पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आलं की त्यांचं म्हणणं तिथंही आहे. राज्यानं कामाचा अधिकार मिळवून देण्यासाठी प्रभावी तरतूद करावी, पण आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत. आणि अनुच्छेद ३७ सांगतो की ही मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, तरी देशाच्या कारभाराचा ती पाया आहेत. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात या तत्त्वांची बाजू मांडली होती: सत्तेवर येणाऱ्याला ती मनमानी करू देणार नाहीत, न्यायालयात नाही तरी मतदारांपुढे त्याला जाब द्यावाच लागेल.

म्हणजे संविधानानं कामाचा हक्क दाराशी आणून ठेवला होता, घरात घेतला नव्हता. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यानं ग्रामीण भागापुरता तो आत घेतला, 'हमी' हा शब्द वापरून. नाम तपासायचं ते यासाठी. 'साहाय्य', 'अनुदान', 'मदत' हे शब्द देणाऱ्याच्या बाजूचे आहेत. 'हमी' आणि 'हक्क' मागणाऱ्याच्या बाजूचे. माणसाला काय म्हटलंय तेही पाहा: लाभार्थी, अर्जदार, मजूर, की नागरिक? मी स्वतः हजारो वेळा 'लाभार्थी' टंकलेला आहे. तो शब्द वाईट नाही, पण त्यात माणूस बसून आहे आणि लाभ चालत त्याच्याकडे येतो आहे. रोजगार हमीत माणूस उठून नमुना ४ भरतो आणि काम मागतो. आईच्या वाक्यातलं 'मागायला न्हवतो गेलो' हेच सांगत होतं, फक्त तिच्या वेळी तो हक्क कागदावर यायचा होता.

चाळणी कुणाची आहे ते पाहा

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त शिकायला इथे मिळतं.

प्रत्येक निर्णयात एक चाळणी असते: कोणाला मिळणार आणि कोणाला नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वय, जात, जमीन. रोजगार हमीत यातलं जवळजवळ काही नाही. अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेला ग्रामीण भागातला कोणीही प्रौढ माणूस चालतो. मग श्रीमंत का येत नाही? कारण काम उन्हातलं, मातीचं, आणि मजुरी कमी, तीही मापावर. काम हीच चाळणी. तलाठ्यानं कोणाची गरिबी तपासायची गरज नाही.

ही युक्ती ऐकायला फार चांगली वाटते, आणि बऱ्याच अंशी ती चांगली आहेच. पण तिचं मूळ शोधत मागे जा, मग अंगावर काटा येतो.

१८३४ मध्ये इंग्लंडात गरिबांच्या मदतीचा नवा कायदा झाला. त्यामागचं तत्त्व असं होतं की मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट राहिली पाहिजे, नाहीतर लोक कामच करणार नाहीत. हा विचार घेऊन साहेब हिंदुस्थानात आले. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी ज्या हेलीबरी कॉलेजात घडत, तिथे माल्थसनं, म्हणजे लोकसंख्या अन्नापेक्षा वेगानं वाढते असं सांगणाऱ्या अर्थतज्ज्ञानं, जवळपास तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं होतं. सर रिचर्ड टेंपल त्याच कॉलेजातून आले, माल्थसच्या मृत्यूनंतरच्या पिढीत.

या टेंपलची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचावी. १८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा ते बंगालचे नायब गव्हर्नर होते. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, लोकांपर्यंत पोचवला, आणि फार थोडी माणसं दगावली. शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका बसला. दोन-तीन वर्षांत दख्खनमध्ये आणि मद्रासकडे दुष्काळ आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचं धोरण पक्कं होतं की धान्याच्या बाजारात सरकारनं हात घालायचा नाही. त्यांनी १८७७ च्या आरंभी टेंपल यांनाच पाहणीला पाठवलं. याच माणसानं आता दुष्काळी कामांवरची मजुरी खाली आणली, दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीइतकी आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा किलो, आणि दिवसभर खडी फोडून. शिवाय काम घरापासून लांब आणि छावणीत राहायचं, म्हणजे खरोखर अगतिक असेल तोच येईल.

आपल्या भागातल्या मजुरांनी त्यावर काय केलं? हजारो माणसं कामं सोडून निघून गेली. उपाशी माणसांचा तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली, गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारला निवेदनांवर निवेदनं पाठवली. दुष्काळात प्रजेला जगवणं ही सरकारची कृपा नसून जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे रस्त्यावर आला तो असा, पुस्तकातून येण्याच्या आधी. त्या दुष्काळानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आला, मग दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारनं काय करायचं त्याच्या नियमावल्या, आल्या, आणि काम काढून मजुरी देण्याची पद्धत सरकारी दप्तरात कायमची बसली. काम हीच कसोटी, हे तत्त्वही तिच्याबरोबर बसलं.

आता पुन्हा १९७७ चा कायदा वाचा. 'हमी' आली ती गांधी-विनोबांच्या अंत्योदयातून आणि संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांतून. 'अंगमेहनतीचं, कमी मजुरीचं काम' आलं ते दुष्काळ संहितेतून, म्हणजे थेट १८३४ च्या इंग्लंडातून. पहिला विचार माणसावर विश्वास ठेवतो, दुसरा ठेवत नाही, आणि दोन्ही एकाच कायद्यात शेजारी राहतात. हे मुलांना सांगितलं की ती गोंधळतात, कारण त्यांना 'ही योजना गांधीवादी' किंवा 'ही उदारमतवादी' असं एका शब्दात उत्तर हवं असतं. एका शब्दातलं उत्तर परीक्षेपुरतं ठीक आहे. खरा निर्णय गोधडीसारखा असतो. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, ते टाके उसवून पाहावं लागतं.

पैशाची ओळ

पगारपत्रकात दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत ३००. वर्षाला २,५००. त्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, संविधानाच्या अनुच्छेद २७६ नं ती मर्यादा घातली आहे. नोकरीला लागले तेव्हा हा कर कशासाठी, हे मला माहीत नव्हतं. पुढे कळलं की १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा मुळात रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी आणला होता. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी कर द्यायचा, आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच रक्कम राज्यानंही आपल्या बाजूनं घालायची. आई ज्या तऱ्हेच्या कामावर गेली, त्याचा पैसा आता माझ्या पगारातून जात होता. त्या दिवसापासून ती कपात मला कधी खुपली नाही.

निर्णयात पैसा कुठून येणार ते बघा: सगळ्यांकडून थोडाथोडा, मोजक्यांकडून जास्त, कर्ज काढून, की दुसऱ्या योजनेचा कमी करून. न्यायाची कल्पना तिथे उघडी पडते. आणि त्याच वेळी हेही विचारा की फायदा आणखी कोणाला झाला. रोजगार हमीतून पाझर तलाव झाले, पण तलावाखाली विहिरी होत्या त्या जमीनवाल्यांच्या; खडी फोडणाऱ्या बाईकडे बहुधा जमीन नव्हतीच. खेड्यात काम मिळालं तर मुंबईवरचा लोंढा कमी होईल, हाही हिशेब शहरी करदात्याच्या मनात होताच. विचाराला हितसंबंधाची साथ मिळाली म्हणून तो टिकला. यानं पागे यांचा मोठेपणा उणावत नाही.

चुकलं तर काय, हे कलम शोधा

माझ्या मते निर्णयकर्त्याची खरी परीक्षा इथे होते. विचारावर त्याची निष्ठा असेल, तर तो अंमलबजावणीची साखळी स्वतःच्याच पायात अडकवून घेतो.

सगळ्यात सुंदर उदाहरण कोल्हापूरचं आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांचा आदेश प्रसिद्ध झाला. महाराज तेव्हा विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांतल्या लोकांना, हे सगळ्यांना पाठ असतं. मी मुलांना पुढचं वाचायला लावते. मागास वर्ग म्हणजे कोण, तेही त्यात आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे. आणि शेवटी, खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा. हा तिमाही तक्ता पाहिला तेव्हा, कारकुनीत वाढलेली मी, मनातून हलले. कारण मला माहीत आहे, तक्ता मागितला नाही तर काय होतं: आदेश कपाटात जातो. समतेचा विचार फुल्यांपासून महाराष्ट्रात होता. तिमाही तक्ता मागणारा राजा मिळाला, तेव्हा तो कचेरीत पोचला.

रोजगार हमीत हे कलम म्हणजे बेकारी भत्ता. काम मागितल्यापासून १५ दिवसांत मिळालं नाही तर सरकारनं भत्ता द्यायचा. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं हेच घेतलं, देशभर, वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांसाठी: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. आता बारकाईनं बघा. हे १५ दिवस मोजायचे कधीपासून? मागणी दिल्याच्या तारखेपासून. तारीख कुठे असते? पोचेवर, म्हणजे नमुना ५ वर. पोच दिलीच नाही, किंवा तिच्यावर तारीख घातली नाही, तर १५ दिवस कधी सुरूच होत नाहीत. हमी कायद्यात शाबूत राहते आणि गावात नाहीशी होते. कोणाही विचारवंताचं नाव घेण्याआधी मी मुलांना म्हणते, आपल्या गावी जा आणि एक तारीख घातलेली पोच मला आणून दाखवा.

नेत्याचं कपाट सगळ्यात शेवटी उघडा

इतकं झालं की मग, आणि मगच, नेता काय वाचत होता ते पाहा. आधी पाहिलं तर त्याच्या पुस्तकांचा रंग निर्णयावर चढतो आणि कागद नीट दिसत नाही.

यशवंतराव चव्हाणांचं बघा. तरुणपणी त्यांना क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांची ओढ होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींशी त्यांचा स्नेह जन्मभराचा, आणि तर्कतीर्थही रॉय यांच्या वर्तुळातले. पण दुसऱ्या महायुद्धात रॉय यांनी ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला, तेव्हा चव्हाण त्यांच्याबरोबर गेले नाहीत. १९४२ ला ते साताऱ्यात भूमिगत चळवळीत उतरले. विचार पटतो, पण प्रसंग आला की माणूस त्याच्यापासून फारकतही घेतो. आणि तरीही १९६२ मध्ये जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, तेव्हा जिल्हाधिकाऱ्याला त्यांच्यापासून बाजूला ठेवलं, आमदार-खासदारांनाही सभासदत्व दिलं नाही, आणि गावातून निवडून आलेल्या माणसाच्या हाती शाळा, दवाखाने, रस्ते दिले. सत्ता खालून वर बांधावी, हा रॉय यांचा आग्रह होता, गांधींचाही होता. बळवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये आणि महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीनं त्याचा आराखडा दिला. मग जिल्हा परिषद रॉय यांची की गांधींची? मी असं ठामपणे लिहिणार नाही. 'विचाराशी जुळतं' आणि 'विचारामुळे झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सांगायची तर पुरावा लागतो: पत्र, टिपण, सभागृहातलं भाषण, आत्मचरित्रातली कबुली.

कधी कधी पुरावा सरळ असतो. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या हायेक या अर्थतज्ज्ञाचं ऋण उघडपणे मान्य करत. १९८० च्या गृहनिर्माण कायद्यानं त्यांच्या सरकारनं नगरपालिकेच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं विकत घेण्याचा हक्क दिला, तीन वर्षं राहिलेल्याला ३३ टक्के सवलत, जास्त वर्षांना ५० टक्क्यांपर्यंत. दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक घरं विकली गेली. पेन्सिल इथंही चालवा: शब्द 'हक्क' आहे, पण तो मालकीचा हक्क आहे, निवाऱ्याचा नव्हे. ज्याला आधीच घर मिळालेलं आहे त्याला तो मिळतो. रांगेत उभा असलेल्याला नाही. आणि विक्रीच्या पैशातून नवी घरं बांधायला नगरपालिकांवर बंधनं घातली. एकच शब्द, पण रोजगार हमीतल्या हक्काच्या बरोबर उलट्या तोंडाचा.

आणि टेंपल यांना विसरू नका. कपाटातली पुस्तकं तीच असताना या माणसानं तीन वर्षांच्या अंतरानं दोन उलटे निर्णय घेतले. मधल्या काळात बदललं होतं एवढंच की तो कोणाला उत्तर देत होता. म्हणून वहीत नेत्याच्या नावापुढे दोन रकाने आखा: काय वाचत होता, आणि कोणाला जाब देत होता. दुसरा रकाना भरायला जास्त वेळ लागतो, आणि तो रिकामा राहिला तर पहिल्यावर भरवसा ठेवू नका.

सरावासाठी एका आठवड्याला एकच निर्णय घ्या, दोन-तीन पानांचा. तुमच्या घरात ज्याचा पैसा आला किंवा अडला, असा घेतलात तर उत्तम, कारण मग चाळणी कुठे टोचते ते तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. क्रियापदांना रेघ, नामांना चौकट. चाळणीच्या अटी वेगळ्या कागदावर, आणि प्रत्येक अटीपुढे एक प्रश्न: ही अट माणसावर विश्वास ठेवून लिहिली आहे की संशय धरून? पैशाची ओळ. चुकलं तर काय, ते कलम. नसेल तर 'नाही' असं स्पष्ट लिहा. विचारवंतांची नावं शिसपेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतील.

ज्या मुलीनं वही पुढे केली होती, ती दिवाळीला गावी जाऊन आली. तिच्या मामीनं जूनमध्ये काम मागितलं होतं. पोच मिळाली होती. सही होती, शिक्का होता, तारखेची जागा कोरी. आम्ही दोघींनी बसून ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला आहे. त्यावर तारीख तिनं स्वतः घातली, दोन्ही प्रतींवर, आणि एक प्रत शिक्का मारून परत आणायला मामीला सांगितलं आहे.